वाफेच्या छोट्या इंजिनाला रेडिओ कंट्रोल : बोटाचं काम सर्व्होकडे देताना

आमच्या गच्चीला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून साधारण १:१०० उतार आहे. घर बांधताना गवंड्याने तो चोख दिला, आणि त्याचाच त्रास मला झाला. गच्चीवर ३२ मिमी गेजचे (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे) रूळ मांडले, भाच्याने इंग्लंडहून आणलेलं खऱ्या वाफेवर चालणारं इंजिन त्यावर ठेवलं, तर ते पाण्याच्या टाकीच्या बाजूने रांगत वर यायचं आणि तुळशीच्या बाजूने उधळल्यासारखं खाली जायचं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, चढ चढण्याइतका उघडला की खाली वेग आवरत नाही. खालच्यासाठी बारीक केला की वरच्या वळणावर धाप टाकून थांबतं. मग आपण कमरेत वाकून, बोटं भाजून घेत, मागे मागे पळायचं. माथेरानच्या घाटात १:२० चा चढ आहे म्हणतात, पण तिथे इंजिनावर ड्रायव्हर होता. माझ्या इंजिनावर कोणी नव्हतं, म्हणून रेडिओ बसवला.

माथेरानचा उल्लेख उगाच नाही. १९०७ साली सुरू झालेला तो मार्ग २ फुटी गेजचा. ब्रिटनमधल्या बागेतल्या रेल्वेवाल्यांचं आवडतं प्रमाण म्हणजे एका फुटाला १६ मिमी. त्या हिशेबाने २ फूट म्हणजे बरोबर ३२ मिमी. त्यामुळे हा सगळा छंद इंग्रजांच्या बागेत वाढला असला तरी नेरळच्या गाडीचं मॉडेल त्याच रुळांवर नेमकं बसतं.

आता कामाचं. हे काम इलेक्ट्रॉनिक्सचं आहे असं समजून बरेच जण सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. रिसीव्हर (हातातल्या ट्रान्समीटरचा संदेश घेणारा), सर्व्हो (त्या संदेशाप्रमाणे छोटा हात फिरवणारी मोटर), बॅटरी जोडायला अर्धा तास पुरतो. खरं काम आहे ते बोटाला जे कळतं ते सर्व्होला कळत नाही, हे मानून इंजिन तयार करण्याचं. बोटाला रेग्युलेटर अडकला की कळतं, बंद झाला की कळतं, तापून जड झाला तेही कळतं. सर्व्हो मुका आहे. त्याला सांगितलेल्या जागी जायचं एवढंच त्याला माहीत. मध्ये काही आडवं आलं तर तो गुरगुरत ढकलत राहतो.

आधी इंजिन ओळखा

मी इथे सांगतोय ते आतून गॅस जळणाऱ्या, दोन सिलिंडरच्या, टाकी इंजिनाबद्दल. डॉनकास्टरच्या राउंडहाउसची किंवा अ‍ॅक्युक्राफ्टची छोटी इंजिनं साधारण या घराण्यातली. बॉयलरच्या मधून एक नळी जाते, तिच्यात लांब बर्नर असतो, कामाचा दाब ४० पीएसआयच्या आसपास, म्हणजे सुमारे २.८ बार.

तुमच्या इंजिनाची दिशा कशी बदलते ते आधी पाहा, कारण किती चॅनल (ट्रान्समीटरवरून देता येणारे स्वतंत्र हुकूम) लागतील हे त्यावर ठरतं. व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमध्ये वाफ वेळेवर सोडणारी यंत्रणा) आणि कॅबमध्ये पुढे-मागे करायचा दांडा असेल तर दोन चॅनल : एक रेग्युलेटरला, एक रिव्हर्सरला. स्लिप एक्सेंट्रिक असेल, म्हणजे उलटं जायचं तर इंजिन हाताने थोडं ढकलावं लागत असेल, तर दुसरा सर्व्हो बसवून काही उपयोग नाही. एकाच चॅनलवर भागवा. मॅमॉडसारख्या झुलत्या सिलिंडरच्या इंजिनात एकच दांडा पुढे, थांबा आणि मागे ही तिन्ही कामं करतो. तिथेही एक सर्व्हो पुरतो, पण त्या दांड्याला झीज आणि गळती इतकी असते की पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने ते इंजिन निवडू नये असं माझं मत.

बॉयलरला हात लावायचा नाही. त्याला भोक पाडायचं नाही, डाख द्यायचा नाही, त्याच्या बुशमध्ये ब्रॅकेट अडकवायचा नाही. सगळं काही फुटप्लेटवर (बॉयलरखालच्या सपाट पत्र्यावर), कॅबच्या पत्र्यावर किंवा टाक्यांच्या आत बसवायचं.

बोटाची परीक्षा

अजून एकही सर्व्हो विकत घेऊ नका. इंजिन नेहमीसारखं तापवा, हाताने चालवा, आणि गरम असताना रेग्युलेटर एका बोटाने फिरतो का ते पाहा. थंडीत लोण्यासारखा फिरणारा रेग्युलेटर वाफ आल्यावर जड होतो, हे फार वेळा दिसतं. कारण बहुधा ग्लँड. स्पिंडलभोवती जे पॅकिंग असतं ते गळती होऊ नये म्हणून कोणीतरी, म्हणजे आपणच, कधीतरी करकचून आवळलेलं असतं. इंजिन पूर्ण थंड करून, दाब शून्य झाल्याची खात्री करून, ग्लँड नट काढा. जुनं पॅकिंग कडक झालं असेल तर बदला. ओ-रिंग असेल तर व्हायटॉनची घ्या, साधी काळी रबराची नको. ग्रॅफाइटचा धागा असेल तर दोन वेढे पुरतात. नट हाताने लावून मग पाना जेमतेम पाव फेरा. गरम झाल्यावर किंचित ओलसर दिसलं तरी चालेल, जड नको.

आता जोर मोजा. रेग्युलेटरच्या दांड्याला मध्यापासून २ सेंमीवर दोरा बांधून खाली प्लास्टिकची पिशवी लटकवा. दांडा आडवा असू द्या आणि पिशवी उघडण्याच्या बाजूला हवी. तिच्यात एकेक नट टाकत जा. दांडा हलला की थांबा, पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. माझी १५० ग्रॅम भरली. २ सेंमी गुणिले ०.१५ किलो, म्हणजे ०.३ किलो-सेंमी. नऊ ग्रॅमचा साधा मायक्रो सर्व्हो ४.८ व्होल्टवर साधारण १.८ किलो-सेंमी देतो, सहापट. लागणाऱ्या जोराच्या निदान तिप्पट ताकद सर्व्होत हवी असा माझा नियम. तेवढी मिळत नसेल तर मोठा सर्व्हो शोधण्याआधी पुन्हा ग्लँडकडे जा.

सर्व्होच्या आत धातूचे दाते असलेला घ्या. किंमत थोडी जास्त, पण प्लास्टिकचा दाता तुटला की रेग्युलेटर आहे त्याच जागी राहतो आणि इंजिन चालूच राहतं.

सर्व्हो कुठे ठेवायचा

४० पीएसआयला वाफेचं तापमान सुमारे १४२ अंश असतं. बॉयलरचा मागचा पत्रा तितकाच गरम. बहुतेक सर्व्होचं कवच प्लास्टिकचं, ते त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. माझा पहिला सर्व्हो मी मोठ्या हौसेने पितळी ब्रॅकेटवर बसवला होता. सर्व्हो बॉयलरपासून चांगला बोटभर लांब होता, पण ब्रॅकेटचं एक टोक बॉयलरच्या मागच्या पत्र्याला टेकलेलं होतं, आणि पितळ उष्णता वाहून न्यायला एकदम तत्पर. पंधरा मिनिटांत सर्व्होचे स्क्रू लावायचे कान मेणासारखे वाकले. रेग्युलेटर अर्धा उघडा, सर्व्हो त्याच्या जागी नाही, मी ट्रान्समीटरची स्टिक मागे ओढतोय आणि इंजिन तुळशीच्या कुंडीवर. इंजिनाचं बफर वाकलं. कुंडी फुटली नाही, त्यामुळे घरात फार बोलणी बसली नाहीत.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. ब्रॅकेट फुटप्लेटवरूनच उचलायचा, आणि सर्व्हो व ब्रॅकेट यांच्यामध्ये २ मिमी जाडीचा कॉर्क किंवा सिलिकॉनचा तुकडा घालायचा. बॉयलरच्या आणि सर्व्होच्या मध्ये मोकळी हवा राहू द्यायची. ती कापसाने वगैरे भरायची नाही.

छोट्या इंजिनात रेग्युलेटरचा सर्व्हो कॅबच्या जमिनीवर, उभा किंवा आडवा, एका कोपऱ्यात बसतो. रिव्हर्सरचा सर्व्हो बाजूच्या टाकीत जाऊ शकतो, ती टाकी नुसती शोभेची असेल तर. बर्नरला हवा घेण्याची भोकं गॅसच्या जेटजवळ, कॅबमध्येच असतात. सर्व्होने किंवा वायरींनी ती झाकली गेली तर ज्योत पिवळी पडते, आणि मग माणूस उगाच जेट साफ करत बसतो. गॅस भरायचा व्हॉल्व्ह, तेलाची डबी (ल्युब्रिकेटर) आणि तिचा निचरा स्क्रू यांच्यापर्यंत हात पोचतो ना, हे सर्व्हो कायमचा बसवण्याआधी बघा.

जागा ठरवायला मी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा वापरतो. सर्व्होच्या मापाची खोकी कापायची, कॅबमध्ये ठेवून छप्पर लावून बघायचं. पत्रा कापण्याआधी तीन-चार पुठ्ठे वाया गेले तर ती बचतच.

दांडी आणि तिचं गणित

रेग्युलेटरच्या स्पिंडलवर मूळ हँडलसोबतच, तिच्यामागे, दीड मिमी पितळी पट्टीचा एक नवा हात बसवा. मूळ हँडल काढू नका, ती पुढे लागणार आहे. नवा हात एम २ च्या बिनडोक्याच्या स्क्रूने आवळायचा. स्क्रू जिथे टेकतो तिथे स्पिंडलवर कानशीने जरासं सपाट करा, नाहीतर तो गोल दांड्यावर घसरतो.

दांडीसाठी माझी आवडती वस्तू म्हणजे सायकलचा स्पोक. २ मिमीची चांगली तार, एका टोकाला तयार आटे, आणि त्यावर निपल. दांडीची लांबी त्या निपलने अर्ध्या मिमीपर्यंत बारीक जुळवता येते. पुण्यात रविवार पेठेत भोरी आळीत हार्डवेअर मिळेल, पण स्पोकसाठी कोपऱ्यावरचा सायकलवालाच बरा. दुसऱ्या टोकाला काटकोनात वाकवून सर्व्होच्या हाताच्या भोकात घाला. भोक तारेपेक्षा किंचितच मोठं हवं.

आता हातांच्या लांब्या. सर्व्हो साधारण ९० अंश फिरतो, मध्यापासून इकडे ४५, तिकडे ४५. दोन्ही हात सारखे लांब ठेवले तर रेग्युलेटरही ९० अंश फिरेल. पण सुईच्या (टोकदार सुई मागे घेऊन वाफेची वाट उघडणाऱ्या) रेग्युलेटरमध्ये सगळा खेळ पहिल्या थोड्या अंशांत असतो. पुढे कितीही उघडा, इंजिन त्याहून जोरात पळत नाही. म्हणून सर्व्होचा हात आखूड आणि रेग्युलेटरचा लांब ठेवा. सर्व्होवर १० मिमी आणि रेग्युलेटरवर १५ मिमी धरलं तर रेग्युलेटर सुमारे ५६ अंशच फिरतो. नियंत्रण बारीक होतं आणि सर्व्होचा जोरही दीडपट लागू पडतो. दोन्ही हात आपापल्या प्रवासाच्या मध्यावर असताना दांडीशी काटकोन करतात हे पाहा.

एक गोष्ट पुस्तकी वाटेल, पण तिने मला दोन रविवार छळलं. बॉयलर तापला की लांब होतो. तांब्याचा १५० मिमीचा बॉयलर खोलीच्या तापमानापासून १४० अंशांवर गेला की जवळपास ०.३ मिमी वाढतो. पुढे स्मोकबॉक्सकडे तो पक्का बसवलेला असतो, म्हणून सगळी वाढ कॅबच्या बाजूला येते. तुमचा सर्व्हो फुटप्लेटवर आहे, तो तिथेच राहतो. म्हणजे थंडीत अगदी मापात बसवलेली दांडी गरमीत तिरकी होते, अडकते. दांडी शक्यतो उभी किंवा बॉयलरच्या लांबीला आडवी ठेवा, आणि टोकांना बाजूला झुकायची एवढीशी मुभा असू द्या.

रिव्हर्सरची दांडी त्या मानाने सोपी. इथे बारीक नियंत्रणाची गरज नाही : पूर्ण पुढे, मध्य, पूर्ण मागे. बहुतेक छोट्या मॉडेलांत खऱ्या इंजिनासारखं कटऑफ (सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ जाऊ द्यायची ते) कमी करून फारसं काही साधत नाही. दांड्याच्या खाचा असतील तर त्यात अडकणारा खटका काढा, आता तो सर्व्होशी भांडेल.

वीज, रिसीव्हर आणि गॅसची गोष्ट

चार निकेल-मेटल हायड्राइड सेल, ४.८ व्होल्ट. ट्रिपल ए आकाराचे ८०० एमएएचचे सेलही एका दुपारला पुरतात, कारण सर्व्हो शांत असला की फारच थोडी वीज खातो. लिथियम पॉलिमर बॅटरी हलकी आणि छान असते, पण १४० अंशांच्या बॉयलरशेजारी मी ती ठेवणार नाही. इंजिनात जागाच नसेल तर बॅटरी आणि रिसीव्हर मागच्या डब्यात ठेवा आणि कपलिंगजवळ छोटा प्लग द्या. सुटसुटीत पडतं, शिवाय सेल थंड राहतात.

बॅटरी फुटप्लेटखाली बसवणार असाल तर हे लक्षात घ्या : ब्यूटेन हवेपेक्षा साधारण दुप्पट जड. टाकीत गॅस भरताना जो थोडा बाहेर फुसफुसतो तो खाली उतरतो आणि फुटप्लेटखालच्या खोक्यात साचतो. तिथेच तुमचा स्विच. म्हणून खोक्याला खाली चार भोकं पाडा, गॅस भरताना स्विच बंद ठेवा, आणि भरल्यावर दोन मिनिटं इंजिन उघड्यावर राहू द्या. गॅस म्हणून लायटरमध्ये भरतात तो ब्यूटेनच वापरा. विलायतेतल्या थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला गॅस असतो, आपल्या एप्रिलच्या गच्चीवर त्याची गरज नाही. घरच्या सिलिंडरमधून गॅस काढायची कल्पना तर मनातही आणू नका.

रिसीव्हर साध्या फुग्यात घालून तोंड रबरबँडने बांधा. चिमणीतून तेलकट पाण्याचे थेंब सतत उडतात, ते सगळीकडे जातात. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरच्या अँटेनाचं शेवटचं ३१ मिमी टोक उघडं असतं, काम तेवढाच भाग करतो. तो फुग्याबाहेर काढून धातूपासून दूर, शक्यतो वर, ठेवा. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात. हा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त आहे, त्यामुळे कागदपत्रांची भानगड नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला वायर, स्विच, प्लग सगळं मिळतं. सहा चॅनलचा साधा ट्रान्समीटर पुरून उरतो.

ट्रान्समीटरवर काय जुळवायचं

रेग्युलेटर डाव्या, स्प्रिंग नसलेल्या स्टिकवर. खाली म्हणजे बंद. रिव्हर्सर तीन जागांच्या स्विचवर. उजव्या स्टिकवर दिलात तर हात सोडला की ती मध्यावर येते, इंजिनही थांबतं. काही जणांना ते आवडतं, मला नाही.

मग फेलसेफ. सिग्नल तुटला तर रेग्युलेटर बंद व्हायला हवा. स्टिक खाली ठेवून मेनूतून ती जागा साठवा, आणि लगेच तपासा : रेग्युलेटर अर्धा उघडा, ट्रान्समीटर सरळ बंद करा. सर्व्हो फिरून बंद जागेवर आला पाहिजे. मी हे दर वेळी रुळावर ठेवण्याआधी करतो. मात्र इंजिनातली बॅटरीच मेली तर फेलसेफ काहीच करू शकत नाही, सर्व्हो असेल तिथे राहतो. मूळ हँडल ठेवायला सांगितलं ते याचसाठी. आणि रेग्युलेटर बंद झाला म्हणजे आग बंद झाली असं नाही. गॅस रेडिओवर नाही, तो हातानेच बंद करायचा.

शेवटची जुळवणी गरम असताना

आता इंजिन लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवा, चाकं अधांतरी. डिस्टिल्ड पाणी, ल्युब्रिकेटरमध्ये ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर तेल, मग गॅस. मोटारचं इंजिन ऑइल चालत नाही. चिमणीतून पेटवा, दाब ४० वर येऊ द्या. ट्रान्समीटर आधी चालू, रिसीव्हर नंतर. बंद करताना उलट.

सिलिंडर थंड असतात, त्यांत वाफेचं पाणी होतं. स्टिक किंचित उघडा, पुढे-मागे, पुढे-मागे करा. चिमणीतून गरम पाणी थुंकून झालं की चाकं मोकळी फिरायला लागतात. आता स्टिक खाली आणा. चाकं थांबली नाहीत तर ट्रान्समीटरमधला एंड पॉइंट (सर्व्होने त्या बाजूला कुठवर जायचं ती मर्यादा) एकेका टक्क्याने वाढवा. थांबली की आणखी एक-दोन टक्के, बस. त्यापुढे गेलात तर सर्व्हो सुईला बैठकीत दाबत राहील. कान जवळ नेला तर बारीक गुर्र ऐकू येते, ती वीज खाते आणि सुईवर वळी पाडते. थंड इंजिनावर हे जुळवलं तर गरम झाल्यावर चुकतंच.

वरचा एंड पॉइंट ठोकळ्यांवर जुळवू नका, बिनओझ्याची चाकं भणाणत सुटतील. दोन डबे जोडून रुळावर, चढाच्या बाजूला, उघडत जा. ज्या जागेनंतर वेग वाढत नाही ती मर्यादा. मग स्टिकचा पूर्ण पट्टा कामाच्या भागातच फिरतो. ट्रान्समीटरमध्ये एक्सपो (स्टिकची हालचाल मवाळ करणारी सोय) असेल तर सुरुवातीच्या बाजूला थोडा द्या, सुटताना धक्का बसत नाही.

गच्चीवर आता असं होतं : टाकीजवळच्या चढाला स्टिक दोन-तीन टिचक्या वर, माथ्यावर येताच खाली, तुळशीच्या वळणाला जवळजवळ बंद. धावत्या इंजिनाला रिव्हर्सर उलटा टाकून ब्रेक लावायचा मोह होतो, आधी रेग्युलेटर बंद करून थांबू द्या. वीस-पंचवीस मिनिटांत गॅस संपतो. गॅसच्या टाकीचं माप बहुधा असं ठेवलेलं असतं की पाण्याआधी गॅस संपावा, पण पाणी दर वेळी पूर्ण मापाने भरलं असेल तरच ते खरं.

थंड झाल्यावर ल्युब्रिकेटरमधलं पाणी काढा, फुगा तेलाने चिकट झाला असेल तर बदला, सेल बाहेर काढा. पाच-सहा फेऱ्यांनंतर ग्लँड थोडं बसतं आणि गळायला लागतं. ते पाव फेरा आवळलंत की पिशवीत नट टाकून जोर पुन्हा मोजा, आणि खालचा एंड पॉइंट गरम इंजिनावर नव्याने जुळवा.